घणसोलीचे पत्ते

९ जानेवारी, गुरुवार

आज शेवटचा मोकळा पत्ता गेला. आता एकही शिल्लक नाही.

सकाळी आमचं इंटरनेटचं ऑफिस उघडायला गेले तर गोटीरामकाका पायरीवर बसलेले. नातीचा प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरायचा आजच शेवटचा दिवस, आणि साइट तिला आत घेत नव्हती. "सारखं इचारतंय, तू मानूस हाय का मशीन," म्हणाले. पाठोपाठ त्याच आळीतले आणखी चारजण. कुणाची बँक उघडत नाही, कुणाचं गॅस बुकिंग अडलंय. बघितलं तर — मला जी भीती होती तेच. त्या आळीतल्या पन्नासेक घरांना मिळून आम्ही एकच पत्ता दिलाय. त्यातल्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरला व्हायरस लागला, तिथून जगभर कचरा मेल गेले आणि पत्ता काळ्या यादीत पडला. एका घरापायी पन्नास घरं बाहेर.

सगळी आळी उरलेल्या एकमेव पत्त्यावर हलवली. नातीचा फॉर्म गेला. काकांनी समोरच्या टपरीवरून चहा पाठवला.

दुपारी बाबांना समजावलं. (लग्नानंतर वर्षभर सासऱ्यांना काय हाक मारायची ते ठरत नव्हतं. आता बाबाच.) म्हटलं, इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येकाला एक पत्ता लागतो, आकड्यांचा. त्यावरच बाहेरून उत्तर परत येतं. तुम्ही केबल टीव्हीवरून इंटरनेटवर आलात तेव्हा आपल्याला हजारेक पत्ते मिळाले, त्यातले बरेचसे कारखान्यांत आणि दुकानांत एकेकटे अडकलेत. आज गाव आणि तळवली धरून कनेक्शनं त्याच्या दसपट झाली. म्हणून एकेक पत्ता पन्नास-पन्नास घरांत वाटावा लागतो. बाबा म्हणाले, मग नवे घेऊ. म्हटलं, जुन्या पद्धतीचे नवे पत्ते जगातच उरले नाहीत. कधीचेच संपले.

माझा नवरा दिपेश लगेच म्हणाला की आपला धंदा विकत मागणाऱ्या त्या मोठ्या कंपनीचा माणूस शनिवारी येतोय, त्याचं एकदा ऐकून तरी घेऊ.

कंपनी विकायची म्हणजे! त्याच्याशी जेवताना बोलले नाही.


११ जानेवारी

तो माणूस आला. निखिल. नम्र, इस्त्रीचा शर्ट. मला हिशेब लिहिणारी समजला. दिपेश आणि बाबांकडे बघूनच बोलत होता. पत्ते संपले की तुमची वाढ संपली, म्हणाला. नवीन टॉवरवाले तुमच्याकडे कशाला येतील? तिकडची मोठी सोसायटी तर आमच्याशी बोलतेच आहे. गिऱ्हाइकांसकट सगळं आम्हाला द्या, दिपेशभाऊंना आमच्यात चांगली पोस्ट देतो. होळीपर्यंत कळवा.

माझं काय, ते कुणीच विचारलं नाही. त्यानेही नाही, दिपेशनेही नाही.

रात्री भाकरी वाढताना बाबांनी एकदम मान वर केली. "तुजं काय म्हननं हाय, सुचिता?" या घरात धंद्याबद्दल मला पहिल्यांदा कुणी विचारलं. हातातली भाकरी तशीच राहिली. म्हटलं, होळीपर्यंत मला मोकळं सोडा. नव्या पद्धतीचे पत्ते आहेत. वाटेल तेवढे आहेत, कितीही वाटले तरी संपणार नाहीत. आपल्याला मिळूनही चार वर्षं झाली, नुसते पडून आहेत. सगळं गाव त्यावर नेते.

दिपेश हसला. म्हणाला, हे तू ऐरोलीची नेटवर्कची नोकरी सोडून आलीस त्या दिवसापासून सांगतेस.

खरं आहे. पण आतापर्यंत कुणी हो म्हटलं नव्हतं. आज बाबा म्हणाले, "कर."


१६ जानेवारी

नवं सुरू होईपर्यंत गाव चालवायला जुने पत्ते हवेतच. म्हणून जे दिलेत आणि पडून आहेत, ते गोळा करत फिरतेय. पूर्वी रबाळ्याच्या कारखान्यांना आणि गावातल्या दुकानांना एकेक पक्का पत्ता दिलेला — दुसऱ्या कुणात न वाटलेला. त्यातले कितीतरी कारखाने बंद पडले. आज एका साच्यांच्या कारखान्यात गेले. आत कुत्र्याची पिल्लं, आणि टेबलाखाली आमचा इंटरनेटचा डबा अजून हिरवा दिवा लावून बसलेला! मालक गेला गुजरातला, पत्ता इथेच. डबा उचलला, स्कूटीच्या डिकीत टाकला.

मानसिंगभाऊंनी मात्र घाम काढला. रबाळ्यात त्यांचा छापखाना. पत्ता परत मागितला तर म्हणाले की त्या आकड्यांची बेरीज नऊ येते, तो लागल्यापासून धंदा वर गेलाय, मेलो तरी देणार नाही. वापरता कशासाठी? घरी बसून छापखान्याचा कॅमेरा बघायला. तासभर बसले. नव्या पत्त्यावर कॅमेरा लावून त्यांच्या मोबाइलवर दाखवला. चित्र जास्त साफ आलं. तरी तोंड वाकडं. शेवटी नव्या पत्त्यातल्या आकड्यांचीही बेरीज करायला बसले. मध्ये अक्षरं येतात, त्यांचं काय करायचं? म्हटलं, अक्षरं धरत नाहीत. नऊ आले.

मला बेरीज बघायचं धैर्य झालं नाही. पत्ता घेऊन सुटले.


१९ जानेवारी

आज तळवलीत फिरले. पाय दुखतायत. पण डिकी भरून डबे!


२५ जानेवारी

आधी स्वतःच्या घरावर प्रयोग. सगळं घर नव्या पत्त्यांवर टाकलं आणि आईंची मालिका बंद. नेमकी लग्नाच्या सीनला. सासूबाई रागावल्या की आवाज चढवत नाहीत, नाव घेऊन बोलतात. "सुचिता, तुजा नवा पत्ता तुज्या खोलीत ठेव."

दोष घराघरांतल्या जुन्या डब्यांचा. आतलं सॉफ्टवेअर इतकं जुनं की नवा पत्ता आला की डबा तो अर्धवट घेतो आणि गोंधळतो. बनवणाऱ्याने सुधारलेलं सॉफ्टवेअर काढलंय, पण ते घालायचं म्हणजे प्रत्येक डब्याशी बोलायला हवं. प्रत्येकाच्या घरी जाणं शक्य नाही. ऑफिसात बसूनच करता येईल का ते बघते.


२८ जानेवारी

करता येतं! आईंची मालिका चालू. कालची आणि आजची, दोन्ही बघितल्या त्यांनी.


४ फेब्रुवारी

दिपेशचं म्हणणं, आधी चांगली वस्ती, तिथे नाव झालं की गाव. मी म्हटलं आधी गोटीरामकाकांची आळी. ज्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला त्यांना आधी मिळायला हवं. बाबा माझ्या बाजूने.

जेवणं उरकून सगळी निवांत असतील त्या वेळी आळी नव्या पत्त्यांवर टाकली. थोडा वेळ सुरळीत. मग एकेक घर अडकायला लागलं. पूर्ण बंद नाही — ते परवडलं असतं — नुसतं गोल फिरत राहायचं. बघता बघता ऑफिससमोर माणसं जमली. कुणाची मीटिंग, कुणाच्या पोराचा क्लास. मी आत स्क्रीनसमोर, माझ्या बाजूचं सगळं बरोबर दिसतंय, आणि बाहेर आवाज वाढतोय. दिपेश आत येऊन म्हणाला, बंद कर, जुन्यावर टाक, आत्ताच्या आत्ता. म्हटलं, जुन्यावर टाकलं तर काय बिघडलंय ते कधीच कळणार नाही. मला थोडा वेळ दे. तो म्हणाला, लोक उद्या त्या कंपनीकडे जातील आणि ते तुझ्यामुळे.

मला रडू येत होतं. आलं नाही.

दारातून बघितलं तर बाबा बाहेर खुर्ची टाकून बसलेले. सगळ्या गर्दीला तेच तोंड देत होते. एकाने विचारलं की बाई काय करते आत? बाबा म्हणाले, "काम चाललंय तिचं. चाय घे, बस." असं कुणी कुणासाठी बसलेलं मी तरी बघितलं नाही.

मग एक गोष्ट लक्षात आली. अडकलेली सगळी घरं तळ्याच्या कडेची. देवळामागची घरं मस्त चाललेली. दोघांच्या मध्ये काय आहे? तळ्याजवळच्या खांबावरची पेटी. त्यातला स्विच केबलच्या काळातला, कुणी त्याला हातही लावलेला नाही. नव्या पत्त्यांचे अर्धे निरोप तो पुढेच सोडत नसणार.

दिपेशला सांगितलं. मला वाटलं वाद घालेल. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, शिडी उचलली आणि निघाला. खाली मी शिडी धरून, वर तो. स्विच बदलला. खालून मी मोबाइलवर बघतेय — एक घर, दुसरं, मग आख्खी आळी. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, आला आला!

दिपेश खाली उतरला. हात काळे, कपाळाला कोळ्याची जाळी. म्हणाला, "असल्या किती पेट्या आहेत आपल्या? यादी करू. मी बदलतो."


५ फेब्रुवारी

तो सकाळीच शिडी घेऊन गेलाय. जेवणाचा डबा विसरून.


१३ फेब्रुवारी

आख्खं गाव झालं. तळवलीही. अडवलं नाही कुणी, बंद पडलं नाही काही. दिपेशने पेट्या बदलल्या, मागोमाग मी आळ्या हलवल्या. कित्येकांना तर कळलंही नाही. गोटीरामकाका म्हणाले, काय बदललं काय दिसत नाय. म्हटलं, तेच तर!

संध्याकाळी मोठ्या स्क्रीनवर आलेख लावला. जुन्या पत्त्यांवरची वाहतूक खाली खाली येत गेली, नव्यांवरची वर. निम्म्याच्या पुढे गेली तेव्हा मी एकटीच होते ऑफिसात. ज्या पत्त्यांवर पन्नास-पन्नास घरं कोंबली होती तिथे आता चार-पाच घरांचंच काम उरलंय. आणि मोकळे पत्ते! जानेवारीत एक नव्हता, आज ओळीने पडलेत.

इथे खरं लिहायला हरकत नाही. आलेख वर जाताना मला ना कंपनी आठवली, ना घर. एकच मनात आलं — हे याच्या शंभरपट मोठं करायला किती मजा येईल. ऐरोलीला असताना अशी स्वप्नं पडायची. मला वाटलं होतं ती गेली.


२० फेब्रुवारी

निखिल म्हणाला होता त्या टॉवरच्या सोसायटीची मीटिंग. बाबा म्हणाले, तूच जा, तिकडं सगळे इंग्रजी बोलतात. दिपेश बरोबर आला आणि मागच्या खुर्चीवर बसला. पुढे बसायला मी सांगितलं तर नको म्हणाला, बोलणार तू आहेस.

निखिल आधीच हजर. मोठ्या पडद्यावर रंगीत चित्रं. सेक्रेटरी जयप्रकाश सावंत, बँकेतून निवृत्त, सगळं मुद्देसूद लागतं. त्यांनी दोघांनाही एकच प्रश्न विचारला: आमच्याकडे घरून काम करणारे फार, प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता हवाय, किती देऊ शकाल? निखिल म्हणाला, ज्याला हवा त्याला एक देऊ, वेगळे पैसे लागतील, बाकीचे वाटून.

मग मला. म्हटलं, "एका फ्लॅटला मी जेवढे पत्ते देईन, तेवढे जुन्या पद्धतीचे पत्ते आख्ख्या जगात मिळून कधी नव्हते."

हशा पिकला. गीतांजली म्हणून एक बाई आहेत, ए विंगच्या, मोठ्या फर्मचं काम घरून करतात. त्या सरळच म्हणाल्या की ही जाहिरात झाली, उत्तर नाही. सावंतांनी चष्मा काढला. मी फळ्यावर आकडा लिहून दाखवला — नव्या पद्धतीत पत्त्याची लांबीच एवढी आहे की संख्या लिहिताना फळ्याची एक ओळ पुरली नाही. हसणं थांबलं. पण पटलंय असंही नाही दिसलं.

सावंतांनी तोडगा काढला. ए विंग त्यांना, बी विंग आम्हाला. पंधरवडा वापरून बघू, मग ठरवू.

घरी येताना दिपेश म्हणाला, "फळ्यावर लिहीत होतीस ना, तो निखिल लिहून घेत होता."


२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. बी विंगमधून एकच तक्रार. कुणाच्या तरी मांजराने वायर कुरतडली.


६ मार्च

दुपारी गीतांजलीबाईंचा फोन. मला वाटलं, सुनावतील चार शब्द. त्या बी विंगच्या जिन्यावर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. ए विंगमध्ये सकाळपासून त्यांचं ऑफिस उघडत नव्हतं — वाटून दिलेला पत्ता कुणामुळे तरी काळ्या यादीत गेलेला. कंपनीला फोन केला तर तक्रार नोंदवली, वाट बघा. त्या बी विंगमधल्या मैत्रिणीकडे आल्या आणि तिथे सगळं चालू. विचारत होत्या, मी तुमची गिऱ्हाईक नाही, पण आजच्या दिवस चालेल का?

म्हटलं, चालेल की. जिन्यावर कशाला, आत बसा.

जानेवारीतल्या गोटीरामकाकांच्या आळीसारखंच झालं त्यांचं. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या माणसांची दयाही आली — मोठी कंपनी, आणि तिच्याकडेही हेच.


८ मार्च, शनिवार

सोसायटी आपली!

दोन्ही विंग, पुढे होणाऱ्या दोन टॉवरसकट. मीटिंगमध्ये मला बोलावंच लागलं नाही. गीतांजलीबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मागच्या वेळी मी यांच्या बोलण्याला जाहिरात म्हटलं होतं. मी चुकले. त्या म्हणाल्या ते खरं आहे, मी वापरून आलेय." सावंतांनी हात वर करायला सांगितलं. सगळे हात.

निखिल जाताना माझ्यापाशी थांबला. गावात हे कुणी केलं, कुठल्या एजन्सीकडून, असं विचारत होता. मी केलं म्हटलं. पेट्या माझ्या नवऱ्याने बदलल्या. त्याने माझा नंबर घेतला. या वेळी हिशेब लिहिणारी समजला नाही.

घरी आईंनी पुरणपोळ्या केल्या, होळीला अवकाश असून. दिपेशने दोन खाल्ल्या, तिसरी हातात धरून म्हणाला की जानेवारीत त्याने मनातून कंपनी विकून टाकली होती. पोस्टचं नाव ऐकून भुललो, म्हणाला. मग माझ्या ताटात तूप वाढलं. आमच्यात माफी अशीच मागतात. मी तूप घेतलं.


१३ मार्च

होळी. बाबांनी स्वतःच त्या कंपनीला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. दोन वाक्यांत. फोन ठेवून म्हणाले, "आता रबाल्यातल्या केबलवाल्यांनापन शिकीव. त्यांचेपन पत्ते सपलेत." उद्यापासून ती माणसं येणार आहेत. आळीतून जाताना बायका हाक मारून थांबवतात. कोणाच्या तरी सुनेला कॉम्प्युटर शिकवायचाय, मला बघून.

या घरात आल्यापासून इतकी खूश मी कधी नव्हते.


१७ मार्च

सकाळी निखिलच्या वरच्या साहेबांचा फोन. दिपेशला नाही, मला. आमची कंपनी विकत नको म्हणाले. त्यांच्याकडचेच पत्ते संपत आलेत — पनवेलपासून ठाण्यापर्यंत सगळं नव्यावर न्यायचंय. तुम्ही येऊन हे काम हातात घ्याल का?

मी हो म्हटलं. विचार न करता, लगेच.

घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. खाली बाबा फोनवर कुणाला तरी सांगतायत, "आमची सून हाय ना, ती बघंल. ती कुठं जातेय."